वाचकांचे प्रश्न : तीन देव की एकच?

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, कॉलेजला आहे. नाताळला एका ख्रिश्चन मैत्रिणीबरोबर चर्चला गेले होते, तिथं सारखं पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं ऐकलं. मग हे तीन देव झाले ना? आमच्या घरचे पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जातात, दत्ताला तीन मुखं आहेत पण देव एकच, तसंच काहीतरी आहे का हे? आणि येशू स्वतःच देव असेल तर तो प्रार्थना कुणाला करत होता? मैत्रीण म्हणाली पाणी, बर्फ आणि वाफ असतं ना तसं समज, पण मला काय ते पटलं नाही.

उत्तर : ताई, तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच आहे. हे पाण्याचं उदाहरण संडे स्कूलमध्येसुद्धा सर्रास देतात, पण त्यातून नेमकं उलटंच डोक्यात बसतं. कारण तेच पाणी एका वेळी एकतर बर्फ असतं नाहीतर वाफ, म्हणजे देव एकच आणि तो कधी पिता बनून येतो कधी पुत्र बनून, असा अर्थ निघतो. तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस नावाचा माणूस साधारण हेच शिकवायचा आणि चर्चने ते नाकारलं. शुभवर्तमानातच, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात बघा ना, यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा (पाण्याने होणारा दीक्षाविधी) होतो तेव्हा पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि आकाशातून पित्याची वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे. तिघं एकाच वेळी आहेत, आणि एकमेकांशी त्यांचं नातं आहे.

मग तीन देव का? तर नाही, अजिबात नाही. येशूचे पहिले शिष्य यहुदी होते, देव एकच आहे हे त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत होतं, दुसऱ्या कुणाला देव म्हणणं म्हणजे त्यांच्यासाठी महापाप. आणि तरी तीच माणसं येशू मेलेल्यांतून उठल्यावर त्याची उपासना करायला लागली, थोमा नावाचा शिष्य तर त्याला सरळ माझ्या प्रभू, माझ्या देवा म्हणाला. मला यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, की कुणी खोलीत बसून तीन बरोबर एक असं गणित मांडलं नव्हतं, आधी अनुभव आला आणि तो नीट सांगायला पुढं तीनशे-साडेतीनशे वर्षं गेली. एकाच देवात हे तिघं, याला आम्ही त्र्यैक्य म्हणतो; हा शब्द बायबलमध्ये कुठंच नाही, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने बाप्तिस्मा द्या हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे, आणि नाव तिथं एकवचनात आलंय.

भांडणं मात्र खूप झाली. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा पाळक म्हणायचा की पुत्र कितीही मोठा असला तरी देवाने निर्माण केलेला आहे, एक काळ असा होता की तो नव्हता. त्यावर सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ मध्ये निकेयाला बिशपांची परिषद बोलावली (आजच्या तुर्कस्तानात आहे ते गाव) आणि तिथं ठरलं की पुत्र निर्माण केलेला नाही, जे पित्याचं तत्त्व तेच पुत्राचं. अथनेशियस नावाचा माणूस तेव्हा तरुण डीकन (पाळकाच्या खालच्या दर्जाचा चर्चसेवक) होता, पुढं बिशप झाला आणि ह्याच मतासाठी त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं! एवढं कशासाठी असं वाटेल, पण विचार करा, येशू जर देव नसेल तर क्रूसावर देवाने दुसऱ्याच कुणाला तरी पुढं केलं आणि स्वतः लांब राहिला असं होतं. आमचा विश्वास आहे की देव स्वतः आला. पवित्र आत्म्याबद्दलचं ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत अजून स्पष्ट झालं.

दत्ताचं म्हणाल तर वाडीबद्दल मला आदरच आहे, पण दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्याकडे उत्पत्ती, पालन आणि लय अशी कामं मानतात आणि दत्त हा तिघांचा मिळून अवतार. ख्रिस्ती श्रद्धेत कामाची अशी वाटणी नाही, सृष्टी असो की तारण (पापातून सुटका), तिघं मिळूनच करतात, आणि माणूस झाला तो फक्त पुत्र.

आता प्रार्थनेचं. येशू स्वतःशीच बोलत नव्हता, पुत्र पित्याशी बोलत होता. तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे असं आम्ही मानतो, हे ४५१ मध्ये खाल्सेदोनच्या परिषदेत मांडलं गेलं, त्यामुळं त्याला भूक लागते, तो रडतो, गेथशेमाने बागेत घाबराघुबरा होऊन बापा म्हणून हाक मारतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात तो म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच तू माझ्यावर प्रीती केलीस, म्हणजे काहीच निर्माण झालेलं नव्हतं तेव्हाही देव एकटा नव्हता, त्याच्यातच प्रेम होतं. देव प्रीती आहे असं बायबल म्हणतं ते मला इथं खरं कळतं.

पिता माझ्यापेक्षा थोर आहे असं येशू म्हणाला तेही बायबलातच आहे, बहुतेक चर्च ते त्याच्या माणूसपणाबद्दल घेतात. यहोवाचे साक्षीदार नावाचा एक वेगळा पंथ आहे, ते तसं घेत नाहीत, ते त्र्यैक्य मानत नाहीत. पण कोल्हापुरात १८५२ ला आलेल्या अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांच्या नावाच्या चर्चमध्ये जा नाहीतर कॅथलिक चर्चमध्ये, उपासनेची पद्धत वेगळी दिसेल, ह्या बाबतीत दोघांचं एकच म्हणणं आहे. आणि प्रार्थना ऐकाल तर बहुतेक वेळा ती पित्याला उद्देशून असते, येशूच्या नावाने मागितलेली असते, आणि ती करायला पवित्र आत्मा मदत करतो असा आमचा विश्वास आहे.