जिन्यातली सतरंजी

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एकसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. तेव्हापासून सकाळी एक तास आणि संध्याकाळी सहा ते सात, साधना चुकवलेली नाही. सुरुवातीला फार फरक पडला. झोप लागायला लागली, चिडचिड कमी झाली. हल्ली मात्र बसले असेपर्यंत सगळं छान, आणि उठले की अर्ध्या तासात पहिले पाढे पंचावन्न. कुणाचं काही खुपलं की दिवसभर डोक्यात घोळत राहतं.

घरात साधनेला पोषक वातावरण नाही. वरच्यांचा मिक्सर, दाराची बेल, शेजारचा टीव्ही. सून चांगली आहे, तक्रार नाही. ऑफिसातून येताना पाळणाघरातून बाळाला (अकरा महिने) घेऊन ती पावणेसहापर्यंत येते. मी सहाला बसते म्हणून ती त्याला घेऊन जिन्यात जाते, तिथे तिने एक सतरंजीही ठेवली आहे, पण आवाज यायचा तो येतोच. मी तिला कधी शब्दाने बोलले नाही. एकदाच काय ते डोळे उघडून बघितलं होतं. तिलाही साधनेची गोडी लागावी असं फार वाटतं, पण शिबिराचं नाव काढलं की नुसती हसते.

माझी प्रगती खुंटली आहे का? नियमित साधनेचा खरा लाभ कधी दिसू लागतो? आणि सुनेला याचं महत्त्व कसं पटवून देऊ?

— एक साधिका, कल्याण

*

साधिकाताई,

मिक्सर, बेल, टीव्ही, प्रगती, सगळं वाचलं आणि बाजूला ठेवलं. ती सतरंजी मात्र काही केल्या सुटेना.

एखाद दिवस जिन्यात बसायचं असेल तर माणूस पायरीवरची धूळ हाताने झटकून टेकतो. सतरंजी आणून ठेवतो तेव्हा त्याने मनाशी धरलेलं असतं की आता हे रोजचंच आहे. तुमच्या सुनेने ते धरलंय, आणि तुम्ही ते एका ओळीत, स्वल्पविरामांच्या मधे लिहून मोकळ्या झाल्यात.

अकरा महिन्यांचं मूल आणि जिना, जरा डोळ्यांसमोर आणा. एक हात त्याच्या कमरेला, दुसरा कठड्याच्या गजांना, कारण डोकं नेमकं त्या दोन गजांमध्येच घालायचं असतं. शेजाऱ्यांच्या चपला तोंडात जातात. वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीच्या पिशव्या घेऊन चढताना थांबतात: "काय गं, बाहेर कशी?" तिने काय सांगायचं? सासूबाई ध्यानाला बसल्यात म्हणून? सोसायटीत या वाक्याचं पुढे काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. दिवसभराची नोकरी आणि येतानाची गर्दी अंगावर घेऊन आलेली बाई पंधरा मिनिटांत पुन्हा दाराबाहेर. पाय धुतले असतील तर असतील. चहाचं काही मला खरं वाटत नाही.

पाळणाघराबद्दल मी काहीही म्हणणार नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईने निवृत्तीनंतर नातवंडाची नोकरी पत्करली नाही, तर मी तिच्या बाजूची आहे.

पण "शब्दाने बोलले नाही" हे मला सांगू नका. शिक्षिका होतात ना? तुम्ही नुसते डोळे वर केलेत की शेवटच्या बाकापर्यंत वर्ग चिडीचूप होत असणार. तेच डोळे तुम्ही सुनेकडे वळवलेत. ती हुशार मुलगी, एका नजरेत समजली.

सहाचीच वेळ का, हे ओळखलं मी. शिबिरात संध्याकाळची सामूहिक बैठक सहा ते सात असते, ती तुम्ही घड्याळासकट घरी आणलीत. पण तिथे त्याआधी पाच वाजता चहा आणि खाणं समोर येतं, ते कुणीतरी केलेलं असतं. धम्मसेवक पैसा न घेता राबतात, तुमच्या शांततेसाठी भाज्या चिरतात. ते स्वतःहून अर्ज भरून आलेले असतात. तुमच्या सुनेने असा कुठलाही अर्ज भरलेला नाही. आणि आर्य मौन, म्हणजे शिबिरातलं ते न बोलण्याचं व्रत, आपण पाळायचं असतं, अकरा महिन्यांच्या पोराकडून पाळून घ्यायचं नसतं.

आता प्रगतीचं. तुमच्या शिबिराची ही पद्धत ज्यांची, ते गोएंका गुरुजी काय शिकवायचे, आठवा. मनात विकार उठला की दोन गोष्टी ताबडतोब होतात: श्वासाची चाल बदलते आणि अंगावर कुठेतरी संवेदना उठते. त्या दोन्ही बघायच्या, त्यांच्यामागे धावायचं नाही. नियमित साधनेचा रोजच्या जगण्यातला लाभ माझ्या मते एवढाच, आणि तो फार मोठा आहे. राग तोंडावाटे बाहेर पडायच्या आधी छातीत कळतो. मधे दोन श्वासांची जागा मिळते. त्या जागेत माणूस बोलायचं ते बोलतो किंवा गप्प बसतो, पण ते त्याचं त्याने ठरवलेलं असतं.

बाळ किंचाळलं की तुमच्या कपाळावर जी आठी येते, घसा आवळतो, श्वास आखूड होतो, तोच तर त्या दिवसाचा अभ्यास. तो तुम्ही रोज सहाच्या ठोक्याला जिन्यात पाठवता आणि मग मला विचारता की उठल्यावर अर्ध्या तासात सगळं उतरतं कसं. उतरणारच. सहा वर्षं तुम्ही समता, म्हणजे मन ढळू न देणं, शिकताय ती जिथे कुणी काही खुपणारं करत नाही अशा खोलीत.

गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन मठात राहणारे भिक्खू नव्हते. बर्माचे अकाउंटंट जनरल होते, पगारी माणूस, संसारी. हिशेबाच्या कचेरीत कितीशी शांतता असणार? तरी आपल्या कर्मचाऱ्यांना ते तिथेच साधना शिकवत. 1955 साली गोएंका त्यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. मॉर्फिन टोचून घ्यायची पाळी आली होती. ऊ बा खिन यांनी आधी चक्क नाही म्हटलं. डोकेदुखी घालवायला ही विद्या नाही, मन स्वच्छ करायला येणार असाल तर या, दुखणं गेलं तर ते आपसूक जाईल. तुमची झोप आणि तुमचं शांत वाटणं हे त्या आपसूक खात्यातलं. मिळालं, छान झालं. त्यालाच धरून बसलात, म्हणून ते जरा ढळलं की प्रगती खुंटल्यासारखी वाटते.

अध्यात्मिक लाभाचं म्हणाल, तर बैठकीच्या शेवटी तुम्ही मंगल मैत्री करता. भवतु सब्ब मंगलं. सगळ्या प्राण्यांचं भलं होवो. त्यातले दोन प्राणी त्या वेळी दाराबाहेर लादीवर बसलेले असतात.

उद्या एकच करायचं. पावणेसहाला बेल वाजली की दार तुम्ही उघडायचं. बाळाला तिच्या हातातून घ्यायचं आणि तिला तोंडाने, स्पष्ट सांगायचं: "आजपासून जिन्यात जायचं नाही. मी बसते, तुम्ही दोघं आत राहा. आवाज झाला तर होऊ दे. त्या दिवशी मी तसं बघायला नको होतं." शेवटचं वाक्य गाळायचं नाही. मग जिन्यातली सतरंजी तुम्ही स्वतः उचलून आणायची आणि धुवायला टाकायची. तिला आणायला सांगायची नाही.

सुरुवातीला ती विश्वास ठेवणार नाही. टाचा उचलून चालेल, पोराला सारखी "श्श" करेल, कुकर लावायचा थांबेल. तुम्ही डोळे मिटलेले असतानाच म्हणा, "लाव गं कुकर." मूल तुमचा पदर ओढेल, मांडीवर चढेल. चढू दे. नाकात बोट घालेल तेव्हा बघा संवेदना कशी असते ती! एखाद्या दिवशी तासाची वीस मिनिटं होतील. वेळ बदलून रात्री दहाला बसावं असा विचार एव्हाना तुमच्या डोक्यात आला असेल. नको. सुनेची सुटका होईल, पण तुम्ही पुन्हा त्या बंद खोलीतच.

सहा वर्षं पहाटे उठून बसणं सोपं नाही. एकसष्टीतले गुडघे काय बोलतात हे मला ठाऊक आहे, आणि त्यासाठी तुमच्याबद्दल मला आदर आहे. म्हणून तर इतकं तोडून लिहितेय. ज्याने कधी अभ्यासच केला नाही त्याला मी मिक्सरच्या आवाजात बस म्हटलं नसतं.

लाभ दिसतोय का, हे मला विचारू नका आणि स्वतःलाही नको. बाळ रडलं की सून आधी तुमच्या तोंडाकडे बघते का, तेवढं पाहा. ज्या दिवशी ती सरळ बाळाकडे बघेल, त्या दिवशी मला पत्र टाका.

राहिला तिला महत्त्व पटवण्याचा प्रश्न. ती हसते, कारण साधना म्हणजे काय हे ती रोज तासभर जिन्यातून बघते. सध्या शिबिराचा विषय काढू नका. मूल मोठं झाल्यावर तिने आपणहून विचारलं तर जरूर पाठवा. दहा दिवसांचं शिबिर म्हणजे जाण्यायेण्याचे धरून बारा दिवस होतात. तेवढे दिवस तिचा मुलगा तुमच्याकडे असेल, सहा ते सातसुद्धा, आणि पाळणाघराला रविवारी सुट्टी असते.