पर्यावरणाचे काम नागपुरात

प्रश्न : माझ्या मुलीने पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. नागपुरातच राहून तिला या क्षेत्रात नेतृत्वाचे काम करता येईल काय?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : निश्चितच येईल, मात्र तिने केवळ ‘नीरी’ या येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील संशोधनाकडे डोळे लावून बसू नये. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. अशा योजनेत रसायनशास्त्राइतकेच महापालिका व वीजकंपनी यांच्यातील करार, पाण्याचा दर, जलवाहिनीचा खर्च आणि बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची, हे सारे जाणणारी व्यक्ती लागते, आणि माझ्या मते अशी माणसे पदवीधरांच्या मानाने फारच थोडी आहेत. तिने निविदा व अंदाजपत्रक वाचायला आवर्जून शिकावे.

उद्योगांतही वाव आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला असल्याने, पाणी, ऊर्जा आणि उत्सर्जनाचे आकडे काटेकोरपणे मांडणारे लोक त्यांना हवे असतात.

तत्पूर्वी नाग नदीकाठच्या वस्त्यांत एखाद्या संस्थेबरोबर काही काळ तिने अवश्य काम करावे. सांडपाणी नदीत का येते, हे तेथील रहिवासी नकाशापेक्षा अधिक नेमके सांगतात.