सई, हळद कशासाठी लावतात?

प्रिय सई,

रविवारी आपण दोघी एकाच पांघरुणात बसून ‘ब्रिजर्टन’चा दुसरा सीझन बघत होतो. हळदीचा प्रसंग आला आणि तू माझा हात घट्ट धरलास. इंग्रज सरदारांची गोष्ट, तिची नायिका सिमोन अ‍ॅश्लीसारखी सावळी मुलगी, आणि तिच्या घरात हळद! तू म्हणालीस, “आई, ही माझ्या रंगाची आहे.” मला किती बरं वाटलं. पण लगेच तू विचारलंस, “मग आजीच्या सिरियलमध्ये ज्यांना हळद लागते, त्या सगळ्या आधीच गोऱ्या कशा? मला लग्नात लावाल ती गोरी व्हावी म्हणून का?”

मी “नाही गं” म्हणाले आणि चहा टाकायला उठले. तेवढ्यानं तुझं समाधान झालं नाही, माझंही नाही. समोर बसून बोलायला लागले की मी समजवायलाच लागते, म्हणून हे लिहून देते. वाटेल तेव्हा वाच.

माझं बालपण हळदीच्या गावात गेलं. तुझे आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की त्यांच्या सदऱ्याची कॉलर पिवळी, वहीच्या कडा पिवळ्या, कानामागेसुद्धा पिवळी पूड. आजी त्यांचे कपडे वेगळे भिजवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायची. गोदामात हळदीचे ढीग ओतलेले असायचे आणि बायका ओळीनं बसून निवडत असायच्या, हळकुंडं एकीकडे, गड्डे एकीकडे. नाकावरून पदर बांधलेला. त्यातल्या एकीचे हात मला अजून दिसतात. तळवा केशरी, त्यावरच्या रेषा काळपट पिवळ्या, नखांच्या कडांत हळद मुरलेली, आणि मनगटाच्या वर काळाभोर हात, हिरव्या काचेच्या बांगड्या. डबा ठेवला की ती मला हाक मारून गूळ द्यायची. गुळालाही हळदीचा वास.

त्या बायका वर्षानुवर्षं हळदीत बसल्या, एकीचाही रंग उजळला नाही. हे मी दहाव्या वर्षी दर शनिवारी बघत होते. तरी रविवारी माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, साय, बेसन आणि हळद कालवून बसली की मी मुकाट्यानं तोंड पुढे करायची. डोळ्यासमोरचं खरं आणि घरातलं खरं, दोन्ही एकदम कसं खरं वाटतं कोण जाणे.

हरिपूरला आजोबा मला पेव दाखवायला न्यायचे. जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड माणूस उतरेल एवढंच. आत हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरात कितीतरी पेवं पाण्याखाली गेली. फोनवर ते सांगताना आजोबांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मात्र ते नव्हते. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, मला माहीत आहे. पण मी हळद म्हणते तेव्हा माझ्या मनात आधी हे येतं, लग्न नंतर.

आता नाटकाचं सांगते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, मराठी नाटक तिथून सुरू झालं. १९९३ मध्ये त्याला दीडशे वर्षं झाली, तेव्हा आमच्या शाळेनंही सीतेच्या स्वयंवराचा प्रवेश बसवला. मी बारा वर्षांची होते. सीतेचे सगळे संवाद मला पाठ होते, रामाचेही होते. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तुझा आवाज गोड आहे, तू पडद्यामागून निवेदन कर.” सीता झाली ती गोरी, घाऱ्या डोळ्यांची मुलगी. ती दोनदा अडकली आणि दोन्ही वेळा मी विंगेतून शब्द पुरवला. बाई दुष्ट नव्हत्या गं. त्यांना सीता तशीच दिसत होती.

मोठी झाल्यावर मला दुसरं कळलं. भाव्यांच्या त्या पहिल्या खेळात सीता कोणी बाई नव्हतीच, तेव्हा स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. पुढे बालगंधर्वांनी त्या भूमिका अशा केल्या की बायका त्यांच्यासारखी साडी नेसायला लागल्या. बालगंधर्वांचं नागठाणे आपल्याच जिल्ह्यातलं. त्यांच्याबद्दल मला आजही अपार प्रेम आहे. पण मिसरूड फुटलेला मुलगा सफेदा लावून सीता होऊ शकत होता आणि दीडशे वर्षांनी त्याच गावात सावळी मुलगी होऊ शकत नव्हती, हे मला अजून पचलेलं नाही.

आणि तरी, सई, गेल्या गणपतीत तुला रुक्मिणी केलं तेव्हा त्या काकूंनी तुझ्या चेहऱ्याला दोन छटा उजळ फाउंडेशन लावलं. मी शेजारी साडीच्या पिना हातात धरून उभी होते. तुझी मान आणि चेहरा दोन वेगळ्या मुलींचे दिसत होते. तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस आणि मी काही बोलले नाही. तुझा रविवारचा प्रश्न खरं तर तेव्हाचाच होता, हो ना? मी बोलायला हवं होतं. चुकले मी.

आमच्या घरात या प्रश्नावर सगळ्यात जास्त सोसलं ते शालूमावशीनं. माझी सख्खी मावशी, रंगानं तू तिच्यावर गेलीस. कांदेपोह्यांचे किती कार्यक्रम झाले त्याचा हिशेब नाही. पत्रिकेसोबतच्या कागदावर मामा ‘गव्हाळ’ लिहायचा, ती पेन घेऊन ‘सावळी’ करायची. पणजी समजूत काढायची, “विठोबा काळाच की.” मावशी म्हणायची, “त्याला कुणी बघायला येत नाही, आई.” ‘उंबरठा’ सिनेमा बघून आली, १९८२ साली, तेव्हा तिनं मासिकातला त्यातल्या सावळ्या नायिकेचा, स्मिता पाटीलचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दार उघडलं की आधी तो चेहरा, मग साड्या. १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली. मी पाच वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की मावशी कपाट उघडून बराच वेळ उभी होती आणि पणजी तिला जेवायला हाक मारत नव्हती.

स्मिता पाटील एकदा होऊन गेली म्हणजे पुढच्या मुलींची वाट मोकळी झाली, असं मात्र झालं नाही. आजी तुला ‘रंग माझा वेगळा’ या मालिकेबद्दल सांगायची, आठवतं? २०१९ ला सुरू झाली, नायिका सावळी, रंगावरून छळ होणारी. आजी बघताना रडायची, ते रडणं खरं होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्या नटीला मेकअप करून सावळी केलेलं होतं. सावळ्या मुलीचं दुःख दाखवायला सावळी मुलगी अख्ख्या महाराष्ट्रात मिळाली नसती?

आता तुझ्या लग्नातली हळद. आदल्या दिवशी सुवासिनी जमतात, जात्याला आंब्याची पानं बांधतात, हळद दळतात, ओव्या म्हणतात. त्या दिवशी नवरी कुठलंही काम करत नाही, सगळ्या तिला हात लावतात, तिच्या दंडाला, पायाला, गालाला. आई, काकू, शेजारीण, सगळ्याच. माझ्या हळदीत मला पहिल्यांदा वाटलं की या अंगाचं काहीतरी कौतुक आहे. ते मला तुझ्यासाठी हवंसं वाटतं, लपवत नाही. पण नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद ‘उष्टी हळद’ म्हणून मुलीकडे येते, त्याचं समर्थन मला करता येत नाही. आणि “आता कशी उजळलीस” असं तिथे कुणीतरी म्हणतंच. त्यामुळे मी लावू म्हणणार नाही, नको म्हणणार नाही. तुझं तू बघ.

काल मावशीला फोन केला, तुझा प्रश्न तिला सांगितला. ती थोडा वेळ गप्प झाली, मग तिच्या हळदीचं सांगितलं. मला हे माहीतच नव्हतं. तिला हळद लावताना एक बाई म्हणाली, “घासा गं जरा, उजळेल.” तर पणजीनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाली, “माझी लेक आहे, पितळेचं भांडं नव्हे.” तीच पणजी, जी मला दर रविवारी साय-बेसन लावायची.

डिसेंबरात आपण सांगलीला गेलो की मावशी तुला तिच्या खोलीत नेणार आहे. कपाट बदललं, पण जुनं दार तिनं सुताराकडून नव्याला बसवून घेतलंय. फोटो अजून आतच आहे म्हणाली.

तुझी,
आई