स्मार्ट थर्मोस्टॅट स्वतः बसवायचा? आधी तारा बघा

नवा थर्मोस्टॅट (घराचं हीटिंग-कूलिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र) मागवण्याआधी वीज बंद करून जुन्याचं झाकण काढा. आर, डब्ल्यू, वाय, जी अशा टर्मिनलना बारीक रंगीत तारा लागलेल्या असतील तर सर्किट बहुधा 24 व्होल्टचं. हे काम घरी जमतं. जाड तारा आणि वर 120 किंवा 230 व्होल्ट लिहिलेलं दिसलं, तर झाकण परत लावा नि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

खरी गोची सी तारेची, म्हणजे थर्मोस्टॅटला सलग वीज मिळवून देणाऱ्या तारेची. ती नसली की बऱ्याच मॉडेलना सलग वीज मिळत नाही. चार दिवस बरं चालतं, मग बॅटरी उतरते, वायफाय तुटतं आणि बोलणी खातो बिचारा राउटर. भिंतीत मागे गुंडाळलेली मोकळी तार असते का बघा. असलीच, तर तिचं दुसरं टोक फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) बोर्डावर सी टर्मिनललाही जोडायचं. नुसतं भिंतीकडचं जोडून भागत नाही.

तारा सोडवण्याआधी फोटो काढा, अक्षरांच्या चिठ्ठ्या लावा. रंगावर भिस्त नको. वीज चालू असताना आर आणि सी एकमेकींना टेकल्या की बोर्डावरचा फ्यूज उडतो, बहुतेक 3 किंवा 5 अँपिअरचा. स्क्रीन काळी पडली तर आधी तोच तपासा. हीट पंपात (गरम आणि गार दोन्ही करणाऱ्या यंत्रात) गरम-गारची अदलाबदल ठरवणारं ओ-बी सेटिंग उलटं पडलं, तर हीटिंग लावूनही गारच हवा येते.