खिडकीपलीकडचं रडणं

प्रश्न : ताई, मी पुण्यातल्या एका क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर 9 वर्षं आहे. पूर्वी मृत्यूचा दाखला न्यायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की माझाही गळा दाटायचा. गेल्या महिन्यात एक बाई नवऱ्याच्या नावातली चूक दुरुस्त करायला आल्या आणि बोलताबोलता रडू लागल्या. मी विचारलं, "शपथपत्र आणलंय का?" मला काहीच वाटलं नाही. धनकवडीला घरी पोचल्यावर तोंड उघडावंसं वाटत नाही. लेकीने काही विचारलं तरी अंगावर जाते. मी कोडगी झाले का?
– एक वाचक

उत्तर : तुमचं ते शपथपत्राचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण असंच वाक्य एकेकाळी माझ्याही तोंडी होतं. मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. एका पावसाळ्यात मी पेशंटला नावाने हाक मारायचं सोडून "अकरा नंबर" म्हणू लागले. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, वॉर्डातल्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या रात्री मी खूप रडले.

तुम्ही कोडग्या झालेल्या नाही, थकला आहात. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने आतून थकून जाण्याची, तीन अंगं सांगितली आहेत : मन रिकामं होणं, समोरच्या माणसाकडे केस म्हणून पाहणं आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय असं न वाटणं. पहिली दोन तुमच्या पत्रात स्पष्ट दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती म्हटलं आहे. म्हणजे दोष शोधायचाच तर आधी कामाच्या मांडणीत शोधा.

तुमच्या खिडकीवर रोज काय होतं ते पाहा. 21 दिवसांत नोंद झाली नाही म्हणून लोक तुमच्यावर ओरडतात. नियम तुम्ही केलेला नाही. सर्व्हर बंद पडतो, बोलणी तुम्ही खाता. पोटात राग आणि चेहरा शांत, असं दिवसभर ठेवावं लागतं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी या कष्टाला 1983 मध्ये भावनिक श्रम म्हटलं. नुसता चेहरा सांभाळणं माणसाला फार झिजवतं. समोरच्याची अडचण खरोखर समजून घेऊन बोललं तर तितकी झीज होत नाही, पण रांगेत चाळीस माणसं असताना समजून घ्यायला सवड कुठली? लेकीवर निघतो तो दिवसभर गिळलेला रागच.

साहेबांना लेखी अर्ज द्या : मृत्यू दाखल्यांची खिडकी आळीपाळीने असावी, निदान दोन-तीन महिन्यांनी बदल मिळावा. मला वॉर्ड बदलून मिळाला, त्याने फरक पडला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंशी जेवणाच्या सुट्टीत त्या दिवसाचं बोला, अगदी शिव्यांसकट. घरी गेल्यावर लेकीला सांगा, "मला अर्धा तास दे, मग सगळं ऐकते." झोप उडाली किंवा जगणंच नकोसं वाटू लागलं तर मात्र थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं आणि फोनला पैसे पडत नाहीत.

त्या बाई दुरुस्त दाखला न्यायला पुन्हा येतील. तेव्हा त्यांना आधी बसायला खुर्ची द्या, कागद नंतर मागा. आणि मला पत्र लिहा.