गच्चीवर कापडी कुंड्यांत झाडं नीट येतात का? कोणत्या मापाची घ्यावी आणि ती किती वर्षं टिकते?

येतात. पण 'ग्रो बॅग' म्हणून दुकानात जी हिरवी, चकचकीत, विणलेली पिशवी पुढं करतात ती घेऊन येऊ नका. ते एचडीपीई प्लास्टिक. तुम्ही विचारताय ती जाड ब्लँकेटसारखी, जिओ फॅब्रिकची. पाणी घातलं की तिला चारी बाजूंनी घाम फुटतो.

माझा जीव यात अडकलाय तो एका लिंबापायी. मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर निळ्या प्लास्टिकच्या अर्ध्या पिंपात कागदी लिंबू होतं. तीन वर्षं झकास. चौथ्या वर्षी पानं पिवळी, फूल आलं की गळ. साखर कारखान्याच्या मळीचं खत आणून घातलं, काही फरक नाही. आमचे भाऊजी कागल तालुक्यातले, उसाचे बागायतदार. दर रविवारी जेवून उठले की एकच पालुपद, "वहिनी, पाणी लय घालताय तुम्ही." उसाला पाटानं पाणी सोडणारा माणूस मला हे शिकवणार!

झाड वाळलंच. उपटायला गेले तर निघेना, म्हणून पिंप कापलं. आत माती नावाला. सगळं मुळ्यांचं वेटोळं, सुंभ गुंडाळून ठेवावा तसं, हुबेहूब पिंपाच्या आकाराचं. मुळी प्लास्टिकला थडकली की वळते आणि कडेकडेनं फिरत बसते. भाऊजी आले, उभ्याउभ्या बघितलं आणि म्हणाले, "बघा, कुजल्यात." एकही कुजलेली नव्हती. सगळ्या कडक. आजतागायत त्यांनी हे मान्य केलेलं नाही.

दुसरं लिंबू कापडी कुंडीत लावलं. इथं मुळी कापडापर्यंत पोचली की बाहेरच्या हवेनं तिचं टोक सुकतं आणि मागून नवे फुटवे येतात. तुरीचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या सुटतात, तोच प्रकार जमिनीखाली. हे त्यांच्याच भाषेत सांगितल्यावर म्हणतात, "मग मातीच्या कुंडीनं काय घोडं मारलंय?" काही नाही. तीही श्वास घेते, पण भिंत टणकच, मुळ्या तिथंही गोल फिरतात. मागच्या वर्षी दिवाळीला त्यांना गच्चीवर नेऊन पिशवीची कड खाली दुमडून दाखवली. आत सगळी बारीक, पांढरी मुळं. बघितली, आणि चहा मागितला.

माप म्हणाल तर मिरची-वांग्याला 12 इंच, लिंबू-कढीपत्त्याला निदान 18. पालेभाजीला खोली कमी चालते, तोंड रुंद पाहिजे.

आता खोट. ही कुंडी पाणी फार पिते. एप्रिलात आमच्याकडं सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घालावं लागतं. चार दिवस गावाला गेलात आणि मातीतलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा खडखडीत वाळलं, की वरून ओतलेलं पाणी कडेनं निसटून जातं, मधला गड्डा कोरडाच राहतो. मग दहा-दहा मिनिटांनी थोडं थोडं घालत बसायचं. बोअरचं पाणी असेल तर बाहेरून पांढरी पुटं चढतात, पावसाळ्यात शेवाळ. घासू नका, कापड विरतं. खाली विटा ठेवा, नाहीतर स्लॅब ओला राहतो आणि खालचे भाडेकरू वर येतात. रोज पाणी घालणं होणार नसेल तर सरळ प्लास्टिकच घ्या, भाऊजींना सांगू नका म्हणजे झालं.

किती टिकते? माझ्या लिंबाच्या पिशवीला चौथं वर्ष चाललंय, अजून शाबूत आहे. फक्त भरलेली, ओली पिशवी कान धरून ओढायची नाही. माझ्या एकीचा कान तुटलाय, आणि तो भाऊजींनी तोडलाय.