कायद्याचे प्रश्न, वाचकांचे: दारातून पळवलेले पार्सल

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई टेक्सासमध्ये ह्यूस्टनला राहतात. दिवाळीआधी मी खासगी कुरिअरने पाठवलेला फराळाचा खोका त्यांच्या दारातून चोरीला गेला. दारावरच्या कॅमेऱ्यात टोपी पुढे ओढलेला एक माणूस खोका काखेत मारून जाताना दिसतो. जावई म्हणतात, फराळाची किंमत ती किती, पोलीस ढुंकूनही पाहणार नाहीत. मुलीचे म्हणणे, अशा चोरीला आता तिथे तुरुंगवास आहे आणि तो आणखी वाढवायला हवा. यात खरे काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर: तुरुंगवासाच्या तरतुदीबाबत आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे, शिक्षा आणखी वाढवावी, हे मात्र मला पटत नाही.

टेक्सासमध्ये साध्या चोरीची शिक्षा मुख्यतः मालाच्या किमतीवर ठरते. माल १०० डॉलरपेक्षा कमी किमतीचा असेल, तर सामान्यतः ५०० डॉलरपर्यंतच्या दंडावर भागते. चकल्या, अनारसे आणि बेसनाचे लाडू यांचा हिशेब डॉलरमध्ये मांडला, तर आपला खोका बहुधा याच पायरीवर अडकला असता. (कुरिअरचा खर्च फराळाहून जास्त झाला असेल, तो भाग वेगळा.) परंतु १ सप्टेंबर २०१९ पासून तिथे टपालचोरी हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात सरकारी टपालाबरोबरच खासगी कुरिअरने दारात ठेवलेले, पण ज्याचे त्याच्या हाती अद्याप न पडलेले बंद पार्सलही येते. या गुन्ह्यात किंमत विचारलीच जात नाही. किती जणांच्या नावचे टपाल पळवले, ते मोजले जाते. दहापेक्षा कमी जणांचे असेल, तर एक वर्षापर्यंत कैद, ४,००० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही. दहा ते एकोणतीस जणांचे असेल, तर १८० दिवस ते दोन वर्षे. तीस किंवा अधिक जणांचे असेल, तर दोन ते दहा वर्षे.

हे माप मला योग्य वाटते. बंद खोक्यात लाडू आहेत की लॅपटॉप, हे चोराला उचलताना ठाऊक नसते, तेव्हा आत जे निघेल त्यावर त्याचा गुन्हा लहान किंवा मोठा ठरवण्यात फारसा अर्थ नाही. उलट डिलिव्हरीच्या गाडीमागे फिरून अख्खी गल्ली साफ करणारी टोळी आणि एखाद्या वेळी मोहाला बळी पडलेला पोरगा यांतला फरक नावांच्या संख्येतून नेमका दिसतो. केंटकी राज्याने २०२२ मध्ये हा फरक ठेवला नाही. तिथे खासगी कंपनीचे एक पार्सल चोरले, तरी तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा ठरतो आणि एक ते पाच वर्षांची शिक्षा होऊ शकते. फेलनीचा शिक्का नोकरी आणि भाड्याचे घर मिळवताना पुढे वर्षानुवर्षे आड येतो. शिवाय, कॅमेऱ्यात चेहराच दिसत नसेल, तर कायद्यात एक वर्ष लिहिले आहे की पाच, याने त्या चोराला काय फरक पडणार? पकडले जाण्याची धास्ती वाढली, तरच तो दुसऱ्या दारात जाताना विचार करील.

आपल्याकडे अजूनही किमतीलाच महत्त्व आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा सामुदायिक सेवेची होते.

जावईबापूंचा अंदाज व्यवहारात खराही ठरेल. एका खोक्यासाठी पोलीस धावाधाव करतील, असे मी म्हणणार नाही. तरीही मुलीने तक्रार जरूर नोंदवावी. त्याच माणसाने आसपासच्या नऊ जणांची पार्सले नेली असतील आणि त्यांनी तक्रारी केल्या असतील, तर दहावे नाव आपल्या मुलीचे असेल आणि गुन्हा वरच्या पायरीवर जाईल. जी तक्रार झालीच नाही, ती मोजणार कोण? कॅमेऱ्यातले चित्रण आपोआप पुसले जाण्याआधी उतरवून ठेवावे, आणि आपण कुरिअरची पावती, ट्रॅकिंग क्रमांक व खोक्यातल्या वस्तूंची यादी तिला पाठवावी. पुढच्या वेळी सही घेऊनच पार्सल द्यावे, अशी सूचना खोका देतानाच कुरिअरवाल्याला लिहून द्यावी.